यशूचा कान

आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. भांडण असो की लाड, मीठ मागायचं असो की गुपित सांगायचं असो, सगळं एकाच पट्टीत. आणि ती पट्टी अशी की आज आमच्याकडे काय शिजतंय हे रांगेतल्या शेवटच्या क्वार्टरमधल्या माणसालाही बसल्या जागी कळावं. याचं कारण बाबा. बाबा खापरखेड्याच्या पावर हाऊसमध्ये टरबाईनवर कामाला होते. त्या यंत्रापाशी वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचे कान गेले, आणि ते इतके सावकाश गेले की त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्यांचं म्हणणं असायचं की हल्ली लोकांनाच धड बोलता येत नाही. "तोंडात सुपारी धरून बोलता का बे सारे?" असं ते घरी आलेल्या पाहुण्यालाही विचारायचे. बाबांना कोणी बहिरं म्हटलेलं आईला खपत नसे. ती फक्त आपला आवाज चढवायची. तिचा ऐकून आमचा चढला, आणि शेजारीपाजारीही तीच गत, कारण त्यांचाही कर्ता माणूस बॉयलरवर नाहीतर टरबाईनवरच. आई कळमेश्वरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आली तेव्हा म्हणे तिचं बोलणं जवळ बसलेल्यालाही दोनदा विचारावं लागायचं. मावशीने हे शपथेवर सांगितलं नसतं तर मी विश्वास ठेवला नसता. मी स्वतः अजून तशीच बोलते. सून म्हणते, "आई, पुण्याला फोन कशाला लावता, नुसती खिडकी उघडा आणि बोला."

पावर हाऊसचा घरघराट दिवसरात्र चालायचा आणि तो आम्हाला ऐकूच येत नसे. तो बंद पडला की मात्र सगळी कॉलनी दारात येऊन उभी राहायची. "मशीन बसली का गा?" असं माणसं एकमेकांना विचारायची आणि ती शांतता कोणालाच सोसायची नाही. बॉयलरची वाफ सोडत तेव्हा कुत्री खाटेखाली शिरत. आणि राख तर सगळीकडे. वाळत घातलेल्या लुगड्यावर राख, माठाच्या झाकणीवर राख, उन्हाळ्यात अंगणातल्या खाटेवर घातलेल्या मुंगवड्यांवर राख. आई म्हणायची, "आपल्या वड्यायले मीठ कमी लागते, राख हाये ना." राखेसकट त्या वड्यांची भाजी, कांदा घातलेली, वर कच्चं जवसाचं तेल आणि सोबत ज्वारीची गरम भाकर. पुढे मी चांगल्या चांगल्या घरी जेवले, पण हात राखून जेवले. तसं पोटभर खाणं त्याच अंगणात झालं.

यशोधरा माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या आधीची मी, म्हणून माझं नाव गंगा. ती दीक्षेनंतर घरात जन्मलेलं पहिलं लेकरू, म्हणून यशोधरा. बाबांनी ते नाव इतक्या अभिमानाने ठेवलं की सुरुवातीला तिला पाळण्यातही पूर्ण नावानेच हाक मारायचे. मग ती यशू झाली. गोरीगोमटी नव्हती, पण हसरी होती, आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे अशी टक लावून पाहायची की लोक म्हणत, पोरगी मोठी लक्ष देऊन ऐकणारी आहे. तिचे कान तान्हेपणापासूनच वाहत. उजवा नेहमीचा, डावा अधूनमधून त्याच्या जोडीला. सर्दी झाली की ती आधी कान धरून रडायची, खांद्यावर घेतलं की जास्तच रडायची, आणि मग एका सकाळी उशीवर पिवळा डाग दिसायचा आणि रडणं थांबायचं. कान फुटला की दुखणं थांबतं, त्यामुळे कान फुटला म्हणजे सुटलो असंच आम्हाला वाटायचं. त्यानंतर आठवडेच्या आठवडे तो वाहत राही. त्याचा वास कसा असतो ते मी लिहीत नाही. ज्यांच्या घरी होता त्यांना ते ठाऊक आहे आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही. शाळेत मुली तिच्या शेजारी बसत नसत, आणि ती आपली भिंतीशी बसून त्यांच्याकडे पाहून हसायची.

दुपारचं आवरलं की आई कापूस घेऊन बसायची. कापूस मामा गावाहून पाठवायचा, पिशवीभर. आईला वाती वळण्याचा हात होता. माहेरी देवापुढच्या वाती तिच्याच हातच्या लागत, आणि सासरी आल्यावरही तेच काम तिच्याकडे आलं. मग दीक्षा झाली. बाबांनी घरातले देव एका स्वच्छ फडक्यात बांधले, कन्हानच्या पात्रात सोडले, आणि घरी येऊन आंघोळ करून जेवले. आईही त्यांच्यासोबत गेली होती. ती कधी कुरकुरली नाही. उलट देवळाच्या पायरीवरून हाकललं गेल्याची आठवण तिला बाबांपेक्षा जास्त होती. वाती मात्र हातातून सुटल्या. यशूच्या कानामुळे त्या परत आल्या. आई लांब, घट्ट वाती वळायची, त्या कंदिलावर शेकून घ्यायची, यशूला मांडीवर आडवं टाकून एकेक वात कानात फिरवायची आणि ओली झाली की चुलीत टाकायची. कोरडी निघेपर्यंत हे चालायचं. यशू हूं की चूं करत नसे. आईच्या मांडीवर तिला झोप लागून जायची.

औषधं तर जो सांगेल ती झाली. जवसाच्या तेलात कढवलेली लसूण झाली, झेंडूच्या पानांचा रस झाला. कान साफ करणारा लाल पागोट्यातला माणूस कॉलनीत यायचा, त्याने तिच्या कानातून खडे काढून दाखवले, आणि बाबांनी ते त्याच्याच बाहीतले खडे त्याला परत देऊन त्याला फाटकाबाहेर काढला. पावर हाऊसच्या दवाखान्यातला कंपाउंडर कागदाच्या नळीने कानात पांढरी भुकटी फुंकायचा, इंजेक्शनं द्यायचा. काही दिवस कान कोरडा राहायचा, की पुन्हा सर्दी आणि पुन्हा तेच. डॉक्टर म्हणायचे, मोठी झाली की आपोआप बंद होईल. पलीकडच्या क्वार्टरमधल्या शुक्लाइन काकी, मोठ्या मायाळू, त्या येऊन आईला समजवायच्या, "बहने दो बहिनजी. गंदगी है, निकल जाने दो. रोकोगी तो सिर में चढ़ जाएगी." हे सगळ्यांचंच मत होतं. वाहतं ते जाऊ द्यावं, अडवू नये. आई ऐकून घ्यायची आणि वाती वळायची.

मुंगवड्यांची राखण यशूकडे असायची. एका उन्हाळ्यात आईने खाटेवर वड्या घातल्या, यशूच्या हाती काठी दिली आणि कावळ्यांवर नजर ठेवायला बसवलं. घरातून बाहेर येऊन पाहते तर यशू समोर बघत काठी धरून शहाण्यासारखी बसलेली, आणि तिच्या पाठीमागे चार-दोन कावळे ओरडून ओरडून, भांडून, आरामात वड्या खात होते. आई धावून गेली. "अवं, कावळे बोंबलून राहिले, तुले आयकू नाही येत काय वं?" यशूने मागे वळून पाहिलं आणि तिलाच केवढं आश्चर्य वाटलं. आम्ही सगळे हसलो. ध्यानच आहे आमचं, असं म्हणून आईने तिला जवळ घेतलं.

पहिलीच्या वर्गाला पिंपळापुरे बाई होत्या. त्या नागपूरहून, महाल भागातून, रोज बसने यायच्या. पांढरं पातळ, हातात छत्री, आणि आवाज असा की वर्गात टाचणी पडली तर त्यांचं वाक्य बुडावं. एके दिवशी शाळा सुटल्यावर त्या यशूचा हात धरून आमच्या घरी आल्या. आईने चहा ठेवला. बाईंनी दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "राग मानू नका हं, पण यशोधरेला ऐकायला कमी येतं असं मला वाटतं. मी फळ्याकडे तोंड करून बोलले की तिला काहीच कळत नाही. धंतोलीत कानाचे डॉक्टर आहेत, त्यांचं नाव सांगते, त्यांना एकदा दाखवा."

आईचा पारा चढला. तिने बाईंपुढची कपबशी उचलून नेली नाही एवढंच. "माही पोरगी बहिरी नाही बाई. कान वाहते, ते मी नाही म्हणत नाही. पण घरी सारं आयकते ते. पाणी आण म्हटलं पाणी आणते, झोप म्हटलं झोपते. तुम्हीच जरा मोठ्यानं शिकवत जा."

बाई गोंधळल्या. "मी मुद्दाम सांगायला आले," एवढंच पुन्हा म्हणून त्या छत्री घेऊन गेल्या. आईने तो चहा ओतून दिला. मग बाबा पाळीवरून घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं, अर्थात साऱ्या कॉलनीला ऐकू जाईल असं. बाबांनी शांतपणे हातपाय धुतले. ते यंत्रावरचे माणूस. शंका आली की तपासायचं आणि मगच बोलायचं, हा त्यांचा नेम होता. यशू अंगणात पाठमोरी बसून चिंचोके खेळत होती. बाबा उंबऱ्यावर उभे राहिले, आम्हाला गप्प राहायची खूण केली आणि म्हणाले, "यशू!"

त्यांच्या मते ते साधंच म्हणाले होते. लिंबावरच्या चिमण्या उडाल्या. शुक्लाइन काकी "क्या हुआ, क्या हुआ" करत बाहेर आल्या. यशूने मान वळवली आणि विचारलं, "काय बाबा?"

"पाह्य," बाबा आईला म्हणाले. "आयकते का नाही? बाईचाच गळा बसला असन." आई पदर तोंडाला लावून हसली, इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी तिने गूळ घालून शिरा केला, आणि आम्ही तो चाटूनपुसून खाल्ला. टरबाईनवरच्या माणसाने टरबाईनच्या आवाजात हाक मारून लेकीचे कान तपासले, आणि ते उत्तम निघाले. आमच्यासारख्यांच्या घरातच ही चूक होऊ शकत होती. महालातल्या एखाद्या घरात, जिथे माणसं माजघरातून देवघरात कुजबुजत बोलतात, तिथे चार दिवसांत कळलं असतं.

हे आज इतकं लख्ख आठवायचं कारण आहे. नोकरी संपल्यापासून मी आठवड्यातून एकदा शहराबाहेरच्या एका वसतिगृहात जाते. तिथली मुलं एचआयव्ही घेऊनच जन्मलेली. बहुतेकांचे आईबाप गेले. सकाळ-संध्याकाळ घंटा वाजते, मुलं रांगेत येतात, गोळ्या घेतात, एकमेकांना ढकलतात, ओरडा खातात. या गोळ्या नव्हत्या तेव्हा अशी मुलं हाती लागत नव्हती, हे मला तिथल्या जुन्या ताईंनी सांगितलं. आता ती वाढतात, खोड्या करतात, कैऱ्या चोरतात. पण त्यांतल्या कितीकांचे कान वाहतात. ताप येत नाही, वजन भरतं, पण कान वाहतात. ताई म्हणतात, "बाकी सगळं छान आहे हो, कानाचं तेवढं आहे." हे "तेवढं" ऐकलं की मी उठतेच. मी मुलाच्या पाठीमागे उभी राहते आणि अगदी हळू, ओठांतल्या ओठांत विचारते, "चिवडा पाहिजे का?" ज्याची मान वळत नाही त्याला घेऊन मी ऑफिसात जाऊन बसते आणि कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचा दिवस ठरेपर्यंत उठत नाही. तिथे माझी किरकिरी आजी म्हणून ख्याती आहे. आणि हळू बोलायला मला किती कष्ट पडतात ते माझं मला ठाऊक.

पिंपळापुरे बाई घरी आल्या त्याच वर्षी थंडीत यशूचा कान वाहायचा थांबला. आधीही थांबायचा, पण या वेळी वात आत घातली की कोरडी, पांढरीशुभ्र बाहेर यायची. आईने ती वात बाबांना दाखवली, मला दाखवली, शुक्लाइन काकींना नेऊन दाखवली. डॉक्टर म्हणत होते ना, मोठी झाली की बंद होईल, झाली मोठी. यशूचे केस ती नेहमी ओल्या फडक्याने पुसायची, कानात पाणी जाऊ नये म्हणून. त्या रविवारी तिने पहिल्यांदा शिकेकाई कढवली आणि यशूला चांगली डोक्यावरून न्हायला घातली. उन्हात खाटेवर बसवून केस वाळवले, दोन घट्ट वेण्या घातल्या. यशूला आपले केस इतके लांब आहेत हे माहीतच नव्हतं. ती दिवसभर वेण्या पुढे ओढून पाहत होती.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. आईला वाटलं, न्हायला घातलं, गारठा लागला. मग ताप आला आणि उजव्या कानामागे सूज दिसायला लागली. कान पुढे ढकलल्यासारखा झाला. गालफुगी आहे असं सगळ्यांचं ठरलं, कारण कॉलनीत दोन मुलांना ती झालेली होती. हळद आणि चुन्याचा लेप लावला. दवाखान्यातही गालफुगीच म्हणाले. यशू उजेडाकडे पाहीना. खाल्लेलं सगळं उलटून पडायला लागलं. मान उचलून पाणी पाजायला गेलं की मानच वाकेना, आणि ती किंचाळायची. ती कधी न किंचाळणारी पोर होती. तिच्या त्या आवाजाने मात्र बाबा उठून उभे राहिले. त्यांना तो ऐकू गेला.

नागपूरला माल आणायला निघालेल्या ट्रकमध्ये बाबांनी आम्हाला बसवलं. आईच्या मांडीवर यशू, माझ्या मांडीवर कपड्यांचं गाठोडं आणि तांब्या. मला का नेलं ते कोणी सांगितलं नाही. धावपळीला कोणीतरी हवं म्हणून नेलं असेल. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला यशू कण्हायची आणि आई ड्रायव्हरला ओरडायची, "हळू गा भाऊ, हळू." धंतोलीत एका बंगलीत कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. पिंपळापुरे बाईंनी सांगितलेलेच डॉक्टर ते. बाबांनी त्यांचं नाव लक्षात ठेवलं होतं हे मला तेव्हाच कळलं. बाहेर यवतमाळ, चंद्रपूरकडची माणसं बाकांवर बसली होती. यशूकडे पाहून त्यांनी आपणहून वाट दिली.

डॉक्टरांनी कानामागे बोट टेकवलं आणि लगेच उचललं. "कान वाहायचा का?"

"वाहत होता साहेब," आई म्हणाली. त्या स्थितीतही तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. "आता बंद झाला. एकदम कोरडा हाये. कवाचा."

डॉक्टर म्हणाले, "बरा नव्हता झाला, बाई. बाहेरची वाट बंद झाली, म्हणून पू आत गेला. कानामागचं हाड सडलंय, आणि आता मेंदूवर सूज आली आहे. सरकारी दवाखान्यात न्या, आत्ता. मी तिथेच येतो. आजच ऑपरेशन करावं लागेल."

बाबांनी विचारलं, "काय म्हणे?" आईने त्यांना सांगितलं, जेवढं तिला कळलं तेवढं, आणि त्या लहानशा खोलीत तिचा आवाज इतका मोठा वाटला की बाहेरची माणसं दारात आली. रिक्षात ती एकच बोलत होती. "शुक्लाइन म्हणे, अडवू नको, डोक्यात चढते. मीच पुसून पुसून बंद केला काय वं गंगू? मीच केला काय?" मी बारा वर्षांची. मला काय ठाऊक? आज मला माहीत आहे की तिच्या वातींनी काही बंद झालं नव्हतं, आणि दिवस हाती होते तेव्हा कोणी नीट पाहिलं असतं तर यशू या थराला गेलीही नसती. पण हे आईला सांगायला तेव्हा कोणी नव्हतं, आणि पुढे मी सांगितलं तेव्हा तिने ते मनावर घेतलं नाही.

यशूला आत नेलं. तिच्या वेण्या कापल्या, कानाच्या बाजूचं डोकं भादरलं. आम्ही व्हरांड्यात भिंतीशी बसलो. तिथे आणखी बाया होत्या. काटोलकडची एक बाई, तिचा मुलगा झाडावरून पडला होता, ती सारखं काहीतरी पुटपुटत होती. तिने आईला गुळाचा खडा दिला आणि विचारलं, "तू कोणाले बोलली वं नवस? मी देवीले चोळीबांगडी बोलली. पोरगा उठू दे, पायी जाईन."

आई म्हणाली, "आमच्यात नाही वं नवस."

"नाही? मग तुमी काय करता?"

आईने हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले आणि त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. बुद्धाला शरण, धम्माला शरण, संघाला शरण. विहारात म्हणायची सवय, आणि घरातला आवाज, त्यामुळे दोनदा म्हणेपर्यंत आतून नर्स आली आणि ओठांवर बोट ठेवून गेली. आई गप्प झाली. मग तिने बाबांकडे पाहून विचारलं, हळू, इतक्या हळू की मला पहिल्यांदाच तिचा तो माहेरचा आवाज ऐकायला मिळाला, "यात मांगायची जागा कोठी हाये वो? मले पोरगी मांगायची हाये. कोणाले मांगू?"

बाबांना ते ऐकू गेलं नाही. "काय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली.

मी आयुष्यात पुढे खूप दुःखं पाहिली, माझी स्वतःचीही. पण त्या दुपारइतकी निराधार बाई मी दुसरी पाहिली नाही. ज्या देवांनी तिला पायरीवर चढू दिलं नाही ते तिने सोडले, आणि बरोबरच केलं, हे मी आजही कोणाशीही भांडून सांगेन. पण लेकरू आत मरणाशी असताना सौदा करायलासुद्धा कोणी नसणं म्हणजे काय, ते मी तिच्या तोंडावर पाहिलं. बुद्धाने कोणालाच काही द्यायचं कबूल केलेलं नाही. आईने त्याच्याकडे काही मागितलं नाही.

यशू वाचली. डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचं फडकं मानेवर ओढलेलं, आणि बाबांना बाजूला घेऊन बोलले. मी लांबून पाहत होते. डॉक्टर बराच वेळ बोलले, सावकाश, मधे एकदा त्यांनी स्वतःच्या दोन्ही कानांना हात लावून काहीतरी दाखवलं. बाबा मान हलवत होते. "हो साहेब. हो साहेब." शेवटी त्यांनी वाकून डॉक्टरांचे पाय धरले. ते परत आले तेव्हा आईने विचारलं, "काय म्हणे?"

"बरी होते म्हणे पोरगी," बाबा म्हणाले.

ती मान आम्ही सगळे ओळखून होतो. दुकानदार, फोरमन, पाहुणे, ज्याचं बोलणं कळलं नाही त्या प्रत्येकापुढे बाबांची मान तशीच हलायची. आईनेही ती पाहिली होती. पण "बरी होते" हा शब्द हातात पडल्यावर त्याची उलटतपासणी कोण करणार? डॉक्टर त्या दिवशी काय काय म्हणाले ते आम्हाला कधीच कळलं नाही. त्यानंतर ते यायचे, पट्टी पाहायचे, यशूच्या गालाला हात लावायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. त्यांना वाटत असणार, यांना सांगून झालं आहे.

यशू बरेच दिवस गुंगीतच होती. इंजेक्शनं चालू होती. मग ताप उतरला, आणि एका सकाळी तिने संत्र्याची फोड चोखून खाल्ली. आई तिच्या उशाशी बसून सारखी तिच्याशी बोलायची, आणि आता हळूच बोलायची. एकतर नर्सचा धाक होता, आणि दुसरं म्हणजे त्या फोडलेल्या डोक्याला आपला आवाज लागेल अशी तिला भीती वाटायची. घरी गेल्यावर काय काय करायचं ते सांगायची. केस पुन्हा वाढतील म्हणायची. मामा आला, कापूस आणला, आता कापूस नाही लागत म्हटलं मामाले, असं सांगून एकटीच हसायची. यशू तिच्या तोंडाकडे पाहत राहायची. उत्तर देत नसे. अशक्त आहे, असं आम्ही म्हणायचो. उभं केलं तर एका बाजूला झुकून पडायची, तेही अशक्तपणातच जमा केलं.

दुपारची वेळ होती. बाबा पाळीवर परत गेले होते. आई यशूला वरणभात भरवत होती आणि बोलत होती. यशूने घास तोंडात धरला, चावला नाही. मग तिने घास गिळला आणि म्हणाली, "आई, मी काय केलं वं?"

"काय केलं? काही नाही केलं माय," आई म्हणाली.

"मग तू माह्यासंग बोलत काहून नाही?" यशू रडायला लागली. "गंगूताई बी नाही बोलत. बाबा बी नाही. नुसते तोंडं हालवता सारे. रागावले का माह्यावर?"

आईच्या हातातला घास तसाच राहिला. "बोलून राहिली ना वं मी," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने म्हणाली. मग तिने ताटली खाली ठेवली, यशूचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि आमच्या घरच्या आवाजात, पूर्ण आवाजात ओरडली, "बोलून राहिली ना वं माय! बोलून राहिली!" सगळा वॉर्ड उठून बसला. दाराशी नर्स आली आणि तिथेच थांबली, तिने बोट ओठांवर नेलं नाही.

यशूने डोळे पुसले आणि आईच्या तोंडाकडे पाहत ती वाट पाहत राहिली.

"बोल ना वं, आई," ती म्हणाली.